पल्याडच्या भाताची गाडी

दिवाळी जवळ आली की मला शिंका यायला लागतात आणि फोन यायला लागतात. शिंका भाताच्या कुसाच्या. त्या मी लहानपणापासून काढत आलेय, त्यांचं काही वाटत नाही. फोनांचं वाटतं. भोरच्या माझ्या शाळेतल्या बाई, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी, पुण्याची मावसबहीण, तिच्या सोसायटीतली तिची मैत्रीण, सगळ्यांना एकच विचारायचं असतं. तुमच्या गावच्या त्या गाडीत शनिवारी जागा मिळेल का? मी म्हणते, ऑनलाइन बघा. त्या म्हणतात, अगं पण तू तर तिथलीच ना? हे ‘तिथलीच’ ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण तिथलीच असून त्या गाडीवर माझा काडीचा अधिकार नाही. आणि तो का नाही, हे मी कुणाला फोनवर सांगू शकत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आणखी चार फोन येतील. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं, राजगड चढायला आलेल्या पोरांनी पालीच्या फाट्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांवर हॉर्न मारत पुढं जायचं, आणि पूर्वी जिथं डांबर संपायचं तिथं आमचं गाव यायचं. आता डांबर गाव ओलांडून तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलंय. गावातल्या बाया झोळीतून दवाखान्यात नेल्या तेव्हा आम्ही रस्त्यासाठी अर्ज करत होतो. रस्ता झाला तो गाडी बघायला येणाऱ्यांसाठी. झाला हे बरंच झालं, पण त्याच्यावरून जाताना मला अजून बरं वाटत नाही.

आता त्या गाडीचा इतिहास. तिथं तो मोठ्या बोर्डावर लिहिलाय आणि पहिल्या अक्षरापासून चुकीचा आहे. बोर्डावर धूर सोडणाऱ्या इंजिनाचं चित्र आहे. खाली लिहिलंय की गोऱ्या साहेबांना थंड हवेच्या ठिकाणी शिकारीला जाता यावं म्हणून ही रेल्वे बांधली. आमच्याकडं कसली थंड हवा आणि कसली शिकार? मी दोन पानं दुरुस्त्या लिहून दिल्या, स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद. महिन्याभरानं नवा बोर्ड लागला. मजकूर तोच, चित्र तेच, फक्त खाली एक ओळ वाढली होती: माहितीसाठी आभार, स्थानिक इतिहासतज्ज्ञ, आणि पुढं माझं नाव. आता तो सगळा खोटेपणा माझ्या नावावर आहे.

खरी गोष्ट फार साधी आहे. धरण बांधलं ते माझ्या वडिलांच्या तरुणपणी. भिंतीला दगड लागला, तो डोंगराच्या पोटातल्या खाणीतून निघाला. खाणीपासून भिंत दीड मैल, मध्ये खोल ओढा. म्हणून डोंगराच्या कडेनं अरुंद रूळ टाकले, ओढ्यावर लोखंडी साकव घातला आणि त्यावरून दगडाच्या ट्रॉल्या सोडल्या. इंजिन नव्हतंच. खाणीकडून भिंतीकडं उतार होता, त्यामुळे भरलेली ट्रॉली आपली आपण खाली यायची. मागं एक माणूस उभा राहून लाकडी दांड्यानं चाक दाबायचा आणि वेग आवरायचा. रिकामी ट्रॉली माणसांनी ढकलत वर न्यायची. माझ्या वडिलांनी दोन हिवाळे तेच केलं, आणि नंतर जन्मभर त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला. धरण पुरं झालं, सगळे निघून गेले. रूळ उपटून न्यायचे ते राहिले, आणि एक ट्रॉली खाणीच्या तोंडाशी उलटी पडून राहिली.

मग पाणी भरलं. जुनी गाडीवाट पाण्याखाली गेली. गावातल्या तीसेक घरांची भाताची खाचरं मात्र खाणीच्या पलीकडं राहिली. पल्याड म्हणतात त्या भागाला. तिथं जायला एक खिंड आहे, रिकाम्या हातानं चढली तरी छाती भरून येईल अशी. आणि दुसरी वाट ही रुळांची, साकवावरून, सरळ. लोकांनी उलटी ट्रॉली सरळ केली, तिच्यात भाताचे भारे रचले आणि घरी आणले. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी दिली नाही. साहेबांच्या शिकारीपेक्षा ही गोष्ट कमी वाटते का लोकांना? मला तर हीच मोठी वाटते.

भात काढणीचे ते पंधरा-वीस दिवस. आंबेमोहोर पिकून पिवळा झाला की पल्याडून वारा आला तरी घरात वास यायचा, जणू कुणी चुलीवर भात ठेवलाय. सकाळी दहिवर पडलेलं असायचं, पाण्यावर धुकं असायचं, आणि विळे कामाला लागायचे. कापलेल्या भाताची कडपं दोन दिवस वाळली की पेंढ्या बांधायच्या, पेंढ्यांचे भारे, आणि भारे ट्रॉलीत. रुळांच्या सांध्यांवरून ट्रॉली यायला लागली की तिचा खडखडाट साकवापासूनच गावात ऐकू यायचा. तो ऐकून घराघरात तवा चुलीवर चढायचा. साकवापासून खळ्यापर्यंत यायला लागणारा वेळ आणि पाच भाकऱ्यांचा वेळ सारखाच होता. आमच्या गावात सगळ्या बायका त्या हिशोबानं स्वयंपाक करायच्या आणि भाकरी कधी गार झाली नाही.

गाडीचा एक रिवाज होता. त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरचं भात पहिल्यांदा आणायचं. मग त्यांचं खाचर लांब असो की जवळ, पीक तयार असो की थोडं हिरवं. सगळ्या गावानं ते कापायचं, सगळ्यांनी ट्रॉली ढकलत वर न्यायची आणि भरून आणायची. त्या घरच्यांनी फक्त पहिला भारा उचलून द्यायचा. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही. आमच्याकडं कुणी सांत्वनाला येऊन फार बोलत नाही, लोकांना जमतच नाही ते. त्याऐवजी हे करायचे. बोर्डावर लिहिण्यासारखं काही असेल तर हे होतं, आणि माझ्या दोन पानांत ते पहिल्याच परिच्छेदात होतं.

मी नववीत होते त्या वर्षी भाद्रपदात माझे काका तापानं गेले. ट्रॉलीचा दांडा धरायचे ते तेच. चाकावर किती दाबायचं, कुठं सोडायचं, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कार्तिकात रिवाजाप्रमाणं काकीचं भात आधी निघालं. सगळे पल्याड जमले, ट्रॉली भरली, आणि मग सगळे तसेच उभे राहिले. दांडा कुणी धरायचा, हे कुणी बोलेना. पुरुष एकमेकांकडं बघत होते. काकी तेव्हा असेल बत्तीसेक वर्षांची. तिनं लुगडं खोचलं आणि ट्रॉलीच्या मागं चढली. कुणीतरी म्हणालं, वहिनी, तुमी कशाला. ती एवढंच म्हणाली, “दांडा आमच्या घरात ऱ्हातो. म्या धरते.”

मला तिनं भाऱ्यांवर बसवलं होतं. मानेत पेंढा टोचत होता आणि मी भीतीनं डोळे मिटून घेतले होते. साकवाच्या अलीकडं उतार वाढतो तिथं ट्रॉली एकदम सैल सुटल्यासारखी झाली. मागून लाकूड चाकावर घासल्याचा आवाज आला, जळका वास आला, आणि वेग आवरला. मी वळून बघितलं तर काकीचं तोंड घामानं भिजलं होतं आणि ती रडत होती. दांडा मात्र तिनं हलू दिला नाही. त्या वर्षापासून दांडा तिचा झाला. पुढची पस्तीस वर्षं आमच्या गावाचं पल्याडचं सगळं भात तिच्या हाताखालून आलं, आणि थोड्याच दिवसांत त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटेनासं झालं.

दसऱ्याच्या आसपास भोरहून अमीनचाचा यायचे, एसटीनं, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून. भोरला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉलीला वंगण घालायचे, आस ठोकून बघायचे. एकदा एक चाक तडकलं तेव्हा ते कामथडीच्या कुठल्याशा बंद पडलेल्या गुऱ्हाळातलं एक लोखंडी चाक घेऊन आले आणि घासून घासून ते बसवलं. ते चाक आज तिकिटाच्या खिडकीशेजारी काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली पितळी पट्टीवर लिहिलंय, मूळ ब्रिटिशकालीन चाक. चाचा आता फार थकलेत. मी त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते इतके हसले की खोकल्याची ढास लागली. मला हसू आलं नाही. लोक त्या गुऱ्हाळाच्या चाकासमोर हात जोडून फोटो काढतात.

तर मग अधिकार गेला कसा? तो आम्हीच घालवला, आणि लिहिण्याचं काम माझं होतं.

मला नोकरी लागली त्याच वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीला गावी आले होते आणि चौकशी आली. कुठल्यातरी कपाटातल्या कुठल्यातरी कागदावर आमचे रूळ होते, आणि ते जागेवर आहेत का हे बघायला पाटबंधारे खात्याचा एक माणूस मोटरसायकलवरून यायचा होता. मुख्य लाईन जागेवर होती. पण खाणीच्या आतल्या बाजूला जे दोन-चार फाटे होते त्यांचे रूळ जागेवर नव्हते. ते आमच्या गोठ्यांच्या आढ्याला होते. गावात असा गोठा नव्हता की ज्याला रूळ नाही. वाळवी लागत नाही, पावसात कुजत नाही, आणि टाकून दिलेलं कुणाचं असतं?

आमच्या गावाची एक खोड आहे. सरकारी माणसानं काहीही विचारलं की आधी न्हाई म्हणायचं. जनावरं किती, न्हाईत. विहीर आहे का, न्हाई. एकदा साथीचं औषध द्यायला आलेल्या नर्सबाईंना सगळ्या गावानं सांगितलं होतं की आमच्यात कुणाला जुलाब न्हाईत, आणि अर्धं गाव तेव्हा ओढ्याकाठी होतं. त्या खोडीप्रमाणं ठरलं की लाईनविषयी विचारलं तर आमी तिकडं जातच न्हाई असं सांगायचं. वापर कबूल केला तर रूळ कुठं गेले तेही विचारतील. म्हणून ऐन काढणीत काम थांबवलं. ट्रॉली ढकलत आणून तिच्यावर भाताची उडवी रचली. रुळांवर काट्याकुट्या टाकल्या. दांडा काकीनं चुलीमागं सरपणात ठेवला.

खात्याचा माणूस आला, फिरला, जेवला. कोंबडी त्याला आवडली. जबाब कोण लिहील, त्यानं विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नवीन मास्तरीण, मोत्यासारखं अक्षर. मी लिहिलं की सदर लाईनचा वापर ग्रामस्थांनी कधीही केलेला नाही. एवढ्यावर थांबायचं होतं. पण मला नवीन नवीन सरकारी भाषेची फार हौस होती, आणि कागदावर जागा शिल्लक होती. मी पुढं लिहिलं: सबब सदर लाईनवर ग्रामस्थांचा कोणत्याही प्रकारचा हक्क अथवा वहिवाट नाही व यापुढेही राहणार नाही. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा वडिलांनी सगळ्यांकडं अभिमानानं बघितलं. पहिला अंगठा काकीनं दिला, कारण दांडेकरीण म्हणून तिला सगळ्यांत जास्त भीती होती.

मोटरसायकल वळणाआड गेली आणि लोकांनी उडवी उसकटून ट्रॉली बाहेर काढली. त्याच दुपारी पाच खेपा झाल्या. मी स्वतः भाऱ्यांवर बसून आले, अंगात शाई लागलेला तोच ब्लाऊज होता.

वहिवाट म्हणजे काय, हे मला तेव्हा शब्द म्हणून माहीत होतं. एखादी वाट लोक वर्षानुवर्षं वापरत आले की त्या वापराचाच हक्क तयार होतो, मालक कुणीही असो. तो हक्क आमच्याकडं होता. कुणी हिसकावला नाही. मी तो सुवाच्य अक्षरात नाकारला, आणि खाली गावाचे अंगठे घेतले. माझ्या मुलांना मी निबंधात पाल्हाळ लावू नका असं सांगते तेव्हा त्यांना वाटतं, बाईंना पाल्हाळाचा एवढा राग का.

साताठ वर्षांपूर्वी लाईन पुण्याच्या एका कंपनीला पर्यटनासाठी भाड्यानं मिळाली. नवे रूळ आले, बाकांचे रंगीत डबे आले. पुढं एक बॅटरीवर चालणारं इंजिन, त्याला खोटं धुराडं, आणि धुराड्यात स्पीकर. तो झुकझुक आवाज काढतो. पहिली काही वर्षं मॅनेजर आमच्या लोकांना आठवड्याच्या मधल्या दिवशी भात आणू द्यायचा. गेल्या वर्षी पुण्याहून निरोप आला की विम्यात बसत नाही. साकवावर फाटक लागलं, फाटकाला कुलूप. गेल्या काढणीला लोकांनी डोक्यावरून खिंडीतून भात आणलं. काकी पंच्याहत्तरीला आलीय. चौथ्या खेपेला खिंडीत तिचा पाय मुरगळला, आणि तिचं निम्मं भात पल्याडच राहिलं. ते रानडुकरांनी खाल्लं. तिचा मुलगा चाकणला कंपनीत असतो. त्यानं तिला बजावलं की आता बास, यंदाही भात घरी आलं नाही तर ते खाचर फार्महाऊसवाल्याला देऊन टाकायचं, गिऱ्हाईक तयार आहे. तो वाईट मुलगा नाही. आईचा पाय सुजलेला त्यानं बघितलाय.

काकीचं खाचर म्हणजे काकांच्या हातचे बांध आहेत. ते ती बोलून दाखवत नाही. फक्त यंदा आषाढात पाय लंगडत असताना ती पल्याड जाऊन लावणी करून आली, मला न सांगता, मुलाला न सांगता.

यंदाच्या दसऱ्यानंतर कंपनीच्या शेडमध्ये बैठक झाली. मॅनेजर होता, खात्याचे एक अधिकारी होते, आणि गाव होतं. मॅनेजर इतका सभ्य मुलगा आहे की त्याच्याशी भांडताही येत नाही. प्रत्येक वाक्याआधी तो मॅडम म्हणतो. गावकऱ्यांनी सांगितलं, फाटक उघडा, आमची जुनी वाट आहे. अधिकाऱ्यांनी फाईल उघडली आणि जबाब वाचला. इतक्या वर्षांनी मी माझं अक्षर लांबून ओळखलं. यापुढेही राहणार नाही, इथपर्यंत त्यांनी शांतपणे वाचलं. सगळे खाली बघत होते. मी उठून उभी राहिले. ते खोटं आहे आणि मी लिहिलंय, हे बोलायला मी तोंड उघडलं तोच काकीनं माझा पदर ओढला आणि मला खाली बसवलं. मी बसले. छप्पन्न वर्षांची बाई, पदर ओढला म्हणून बसले.

मग मॅनेजरनं त्याचा मार्ग सांगितला. भात आणायला तो अडवणार नव्हता. जुन्या पद्धतीची एक उघडी ट्रॉली त्यानं बनवून घेतली होती. काढणीच्या दिवसांत दर शनिवार-रविवारी अकरा वाजता गावकऱ्यांनी तिच्यातून भात आणायचं, पर्यटक बघतील, काहीजण सोबत बसतील. त्यानं त्याला ‘हंगाम अनुभव’ असं नाव दिलं होतं. अट एकच. हा कार्यक्रम आहे, हक्क नाही. कुणी पाहुण्यांना सांगत बसलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असंच आणत आलो, आणि ते कुठं व्हिडिओत आलं, तर पुण्याचे वकील दुसऱ्या दिवशी कुलूप लावतील. मॅडम, माझा नाइलाज आहे, असं तो मला म्हणाला. खरंच होता. काकी म्हणाली चालंल, आणि बैठक उठली.

घरी आल्यावर मी काकीवर इतकी ओरडले की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, आपलंच भात आपण तमाशा करून आणायचं का? मी उद्या भोरला जाऊन लिहून देते की जबाब खोटा होता. काकी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“दे लिवून. तुझी चौकशी लागंल, पेन्शन आडकंल. समद्यांच्या गोठ्याचं रूळ काडतील. आन भात तितंच ऱ्हाईल पल्याड.”

मी म्हटलं, पण खरं काय ते कधीतरी सांगायला नको का?

“खरं तुज्याकडं ठिव. मला भात पायजे.”

मला तिचा राग आला, मॅनेजरचा आला, गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या तेवीस वर्षांच्या मुलीचा आला, जिला कागदावर जागा शिल्लक दिसली. रडू येण्याइतका राग आला. दुसऱ्या दिवशी मी भोरला गेले ते शाळेत हजेरी लावायला.

गेल्या शनिवारी पहिली खेप होती. मॅनेजरनं काकीसाठी हिरवंगार जरीचं नऊवारी आणून ठेवलं होतं, कारण तिच्या रोजच्या लुगड्याचा रंग फोटोत येत नाही म्हणे. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला एक पंजाबी ड्रेसातली मुलगी ते नीट कसं नेसायचं हे सांगत होती. काकीनं सांगू दिलं. पुरुषांना फेटे बांधले होते. आमच्याकडं भात कापताना कुणी फेटा बांधत नाही, कुसानं तो खराब होतो. हे मी बोलून दाखवलं, त्यावर मुलीनं गोड हसून मान डोलावली. दांड्याच्या जागी लोखंडी ब्रेक होता आणि तो धरायला पिवळं जाकीट घातलेला कंपनीचा माणूस. काकीनं त्या ब्रेककडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

भारे मात्र खरे होते. काकीच्याच खाचरातला आंबेमोहोर, शुक्रवारी बांधलेला. ती पुढच्या भाऱ्यांवर बसली. तिच्या शेजारी पुण्याहून आलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, आणि मागं मी. मुलीची आई रुळांच्या कडेला मोबाईल धरून उभी होती. तिच्या बाजूला मॅनेजर होता.

मुलीनं भाताची एक लोंबी हातात घेऊन हुंगली आणि काकीला विचारलं, “आजी, तुम्ही आधी कधी बसला होतात यात?”

काकीनं वळून माझ्याकडं बघितलं, क्षणभरच. मग मुलीच्या केसांतलं कुसळ काढत ती म्हणाली, “न्हाई गं बाय. आजच पयल्यांदा.”

ट्रॉली सुटली. मोबाईल धरलेली आई आमच्या बाजूनं थोडं पळाली आणि मागं राहिली. उन्हात पाणी चकाकत होतं, भाऱ्यांचा वास येत होता, मुलगी खूश होती. खाणीचं तोंड मागं पडलं आणि पहिलं वळण आलं. त्या वळणावर कडेला एक जुनी जांभूळ होती, तिची जाड फांदी रुळांवर आडवी यायची. डबे उंच आहेत म्हणून कंपनीनं आल्या आल्याच ती जांभूळ मुळापासून काढली. आता तिथं मोकळं आभाळ आहे. वळण आलं तशी काकीनं एक हात मुलीच्या डोक्यावर ठेवून तिला खाली दाबलं आणि स्वतःची मान खाली घातली.

मागं बसलेल्या मीही घातली.